पेद्रू तांडेलाचे हात

"मग बापाचं पाप फेडायचं तरी कुणी, फादर? मीच ना?"

तेलाचं फडकं हातात घेऊन बस्त्यावनं विचारलं. फादर इनास शिडी धरून उभे होते. म्हातारा कानाचा तिखट, पण उत्तराची घाई म्हणून कसली ती नाही.

"तेल संपत आलंय," ते म्हणाले. "जपून वापर."

खाडीच्या तोंडाशी, टेकडीवर ते एवढंसं चॅपल. वेदीमागे मोठा क्रूस आणि त्यावर माणसाएवढा लाकडी येशू. ईस्टरआधी त्याला दरवर्षी तेल चोळायचं, नाहीतर खारा वारा लाकूड खातो. यंदा हे काम बस्त्यावनं मागून घेतलं होतं. तो हल्ली सगळंच मागून घ्यायचा. उपास, गुडघ्यांवर टेकडी चढणं, फरशीवर झोपणं. गडी वाळून काटकी झाला होता, आणि खरं सांगायचं तर त्याचा त्याला थोडा तोराही चढला होता.

कारण त्याचा बाप, पेद्रू तांडेल, होडीचा म्होरक्या. भर वादळात मागे बांधलेल्या होडीचा दोर पेद्रूनं कापला आणि आपली होडी तेवढी वाचवली. मागच्या होडीतली माणसं परत आलीच नाहीत. गावाला वाटलं, दोर तुटला. मरताना पेद्रूनं खरं काय ते पोराच्या कानात सांगितलं आणि स्वतः सुटला. पोर अडकलं.

नंतर बस्त्यावला मुलगी झाली. तिला त्यानं अजून एकदाही उचललं नव्हतं. बाप्तिस्माही आज-उद्या करत लांबवला होता. आज बायको, कात्रीन, पोरीला घेऊन त्याच्या मागोमाग वर आली होती आणि दाराशी बाकावर बसली होती. सांगून सांगून तिचं तोंड दुखलं होतं.

"माझं तू भोग, असं बाप म्हणाला होता का?" फादरनी विचारलं.

"नाही. पण हे हात बघा. सगळे म्हणतात, हुबेहूब पेद्रूचे. या हातांनी मी पोरीला कसं धरू?"

"हं... चढ वर."

बस्त्याव चढला. दुपार कलली होती. खाडीवरचं ऊन खिडकीतून येऊन छतावर हलत होतं, आणि उपाशी डोक्याला वाटलं, चॅपलच डुलतंय. त्यानं पायांना तेल लावलं. बरगड्यांना लावलं. लाकूड कोमट होतं, अंगासारखं. खाली फरशी नव्हतीच आता, पाणी होतं, आणि त्या पाण्यात ती बुडालेली माणसं उभी राहून वर बघत होती. रागानं नाही. नुसती बघत होती.

फडकं येशूच्या हातातल्या खिळ्यापाशी आलं. त्या तळव्याशेजारी त्यानं आपला तळवा टेकवला. डोळे घळाघळा वाहायला लागले.

"मला इथं येऊ दे," तो पुटपुटला. "हे पाप माझ्या बापाचं आहे. मला येऊ दे."

खाली दाराकडून पावलं वाजत आली.

"बस्त्याव," खालून फादरचा आवाज आला. "आहे का रे तिथं तुला जागा?"

त्यानं खरंच बघितलं. हा हात बघितला, तो हात बघितला, पाय बघितले.

"नाही, फादर... इथं तो आहे."

त्यानं मान खाली वळवली. पाणी गेलं होतं. शिडी कात्रीननं धरली होती, आणि पोरगी फादर इनासांच्या हातात चुळबुळत होती.

"मग खाली ये," ते म्हणाले. "हिला घे, माझे हात भरून आलेत."