विहिरीवरचा बोलका भोपळा

वस्तू माणसांशी बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. एका गावच्या विहिरीवर वाळका भोपळा होता. पोहायला शिकणारे त्याला पाठीला बांधत. तो त्यांना तरंगवी आणि गोड बोलून त्यांची भीतीही घालवी.

सुंद्राचा भाऊ बुडून गेला होता. पाण्याचा धसका घेतलेली ती पोर भोपळा बांधून पोहायला शिके आणि रोज त्याच्याशीच बोले. तिची आत्या पट्टीची पोहणारी. ती पायरीवर राखणीला बसे. भोपळा सुंद्राला म्हणे, "तिला कशाला ताटकळत ठेवतेस? मी आहे ना!" हिला आपल्यावाचून कुणी लागूच नये, असं त्याला वाटे. शेवटी आत्या वर धुणं धुवायला जाऊ लागली.

एके सकाळी सुंद्रा विहिरीच्या मधोमध तरंगत असताना भोपळ्याच्या पोटात गार लागलं. त्याला चीर गेली होती, पाणी आत येत होतं. हे सांगितलं तर पुन्हा आपल्याला कोण पाठीला बांधेल? तो गप्पच राहिला.

"बोल की रे," सुंद्रा म्हणाली. "तू बोलतोस म्हणून तर मी तरंगते."

ते ऐकून भोपळा हादरला. "नाही गं पोरी! मी फुटलोय. आता नुसत्या बोलण्यानं भागायचं नाही. आत्याला हाक मार, जोरात!"

हाकेसरशी आत्याने धुणं टाकून उडी घेतली आणि सुंद्राला काठाला आणलं.

"मेल्या, आधी सांगता येत नव्हतं?" ती भोपळ्यावर खेकसली.

चीर लाखेने बुजवली. पण त्यानंतर कुणी बांधायला आलं, की भोपळा आधी विचारी, "पायरीवर कोण बसलंय?" कुणीच नसेल, तर मऊपणे म्हणे, "मग जा, घेऊन ये कुणाला तरी. मी थांबतो."