शंखवटीचे खडप

सुभागेला रात्र रात्र झोप लागत नव्हती. गावाचे तळे बुजवून तिथे कोठारे बांधायचे एका श्रेष्ठीने ठरवले होते आणि उद्याच्या सभेत सगळे माना डोलावणार होते. एकटीने नाही म्हणावे, तर लोक हसतील. गप्प बसावे, तर लेकीच्या तोंडाकडे कसे बघावे? शेवटी लेकीला कडेवर घेऊन ती विहारात उपदेश करणाऱ्या शास्त्यांकडे आली.

“बाई, हे काही आजचेच नाही,” शास्ते म्हणाले आणि सांगू लागले.

पूर्वी समुद्रकाठच्या एका नगरात राजा धनपाल राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा समुद्रपरीक्षक होता. समुद्रात बुडालेल्या शंखवटीच्या खडपाखाली, त्या खडकाळ तळाखाली, जळणारे तेल आहे, असे राजाला कळले. पण नियम असा की परीक्षकाने आधी समुद्र तपासायचा, काठच्या लोकांना विचारायचे आणि हानी नसेल तरच आपली मुद्रा उमटवायची. मुद्रेवाचून तळाला भोक पाडता येत नसे.

बोधिसत्त्वाची माणसे घरोघर फिरली. शंखवटीला काय मिळते? जो तो कोळी म्हणाला, “तिथे? नुसते दगड हो.” कोळ्यांची रीतच ती. मासळीची जागा सख्ख्या भावालाही सांगायची नाही.

मुद्रेच्या दिवशी किनाऱ्यावर सभा भरली. “कुणाचे काही म्हणणे?” बोधिसत्त्वाने विचारले. कोळी वाळूकडे बघत राहिले. तेवढ्यात मूल कडेवर घेतलेली एक तरुण आई उठली.

“अगं, बस खाली,” नवरा पुटपुटला. “आपली जागा सगळ्यांना कळेल.”

“जागाच उरली नाही तर लपवशील काय?” ती राजाकडे वळली. “महाराज, हे सगळे खोटे बोललेत, माझा नवरा धरून. शंखवटीला तांबोशी मासळी गाभोळीने भरून येते, तिथेच अंडी टाकते. तिथे तुमचे तेल सांडले, तर आमच्या पोरांनी खायचे काय?”

एक म्हातारा खाकरला. “माझीही जागा तीच.”

“तुझी? आणि मला दक्षिणेला धाडत होतास होय रे?” शेजारचा म्हणाला.

राजा म्हणाला, “घरोघरच्या जबान्या आहेत. मुद्रा उमटव.”

“महाराज, मी माणसांची तोंडे तपासली, समुद्र तपासलाच नाही. उमटवणार नाही.”

“मग पद सोड.”

बोधिसत्त्वाने बोटातली मुद्रा काढून वाळूत ठेवली. राजाने सभेवरून नजर फिरवली. ती मुद्रा उचलायला कुणी वाकले नाही. तेल काढायला आलेले जहाज तसेच परत गेले.

“तेव्हाचा राजा तो आजचा श्रेष्ठी,” शास्ते म्हणाले. “बस खाली म्हणणारा आजही तुझा नवराच आहे. उठली ती तू आणि परीक्षक मी. आपले नुकसान होत असतानाही भर सभेत खरे बोलणे, हीच सत्याची पराकाष्ठा, सत्यपारमिता.”

कडेवरच्या लेकीने तोंडातले बोट काढले.

“आणि अंड्यातले मासे? ते कोण होते?”