लपवलेली फाइल

कॉम्प्युटर अर्धं टेबल अडवून बसायचे, त्या काळची गोष्ट. यामिनीताईंच्या कॉम्प्युटरात फाइली सांभाळणारा फडताळ नावाचा जुना प्रोग्रॅम होता. एके दिवशी त्यांनी जोडकप्पा नावाचा नवा आणला. त्याची खिडकी दुभागलेली होती, म्हणजे इकडची फाइल तिकडे सरळ सरकवता यायची. फडताळाची खिडकी मात्र एकसंध होती.

"दोघांनाही वापरून बघते," ताई म्हणाल्या, "मग एकालाच ठेवते."

"काका, एका डोळ्यानं इतकी वर्षं कशी काढलीत?" जोडकप्प्यानं चिडवलं.

फडताळाला ते झोंबलं. ताई रोज वडिलांच्या हसण्याचं रेकॉर्डिंग ऐकायच्या. त्यानं नेमकी तीच फाइल लपवली. आळ नव्यावर येईल, असा त्याचा हिशेब होता.

संध्याकाळी ताईंनी सगळे फोल्डर पालथे घातले. "बाबांचा तेवढाच आवाज उरला होता रे," त्या पुटपुटल्या.

जोडकप्प्याला मात्र लपवलेल्या फाइलीही दिसायच्या. त्यानं ती समोर धरली. "ही घ्या, ताई. कुणीतरी लपवली होती."

"मीच चुकून लपवली असेन," ताई डोळे पुसत म्हणाल्या. "फडताळ असं कधी करायचा नाही. राहू दे दोघांनाही."

बाबांचं हसणं खोलीभर पसरलं. जोडकप्प्यानं फडताळाचं नाव घेतलं नाही. ते हसणं संपेपर्यंत फडताळाला त्याच्याकडे बघवलं नाही.