दशम्या बाहेरच्या की घरच्या?

गोव्याच्या जहाजाचं सगळ्यात स्वस्त तिकीट काढून सांगलीचे रघुवीर खांबेटे बंदरावर उभे होते खरे, पण त्यांची नजर पुन्हा पुन्हा हातातल्या पिशवीकडे जात होती. जहाजावरचं जेवण परवडणारं नव्हतं, म्हणून बायकोने, इंदुताईंनी, पिशवीत दोन दिवसांच्या दशम्या भरल्या होत्या. आणि समोरच पाटी होती: 'बाहेरचे खाद्यपदार्थ नेण्यास सक्त मनाई.'

"इंदू, टाकून दे गं! परत पाठवतील आपल्याला."

तेवढ्यात तपासणी अधिकाऱ्याने पिशवी उघडून दशम्या सगळ्या रांगेला दाखवल्या. "पाटी वाचता येत नाही? कचऱ्यात टाका, नाहीतर घरी जा!"

रघुवीरराव कचरापेटी शोधू लागले. इंदुताईंचं लक्ष मात्र अधिकाऱ्याच्या टेबलावरच्या स्टीलच्या डब्याकडे गेलं.

"साहेब, जहाजावर एवढं जेवण असताना तुम्ही डबा आणता?"

"मग! घरचा डबा आहे. बाहेरचं मी तोंडात घालत नाही," साहेब ऐटीत म्हणाले.

"आम्हीही नाही. या दशम्याही घरच्याच आहेत. बाहेरचं मिळतं ते तुमच्या जहाजावर!"

रांग खदखदून हसली. साहेबांनी पिशवीची चेन लावून ती परत दिली.

जहाज सुटलं तरी रघुवीररावांचा जीव थाऱ्यावर नव्हता. ते हळूच म्हणाले, "इंदू, येताना गोव्याचे काजू नको हं घेऊस. ते खरंच बाहेरचे!"