गोंदूचं डासगाणं

आंबेदरा गावात गोंदू नावाचा ढोलकीवाला राहायचा. वाजवायचा झकास, पण स्वभावाने अगदी भोळा. "जरा दम धर" म्हटलं, की श्वास रोखून उभा राहायचा.

त्या साली गावात तापाची साथ आली. घरोघरी खाटा पडल्या. लोक म्हणाले, गटारातल्या डासांचं काम. तेवढ्यात शहरातून पद्मजाबाई आल्या. त्या डासांवर संशोधन करायच्या. त्यांनी घरोघरचे रांजण आणि पिंपं तपासली, तेव्हा कळलं की तापाचा डास गटारात नाही, घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आणि चावतो तोही दिवसा.

बाईंनी सभा घेतली. सभेला तिघं आले, त्यातले दोघं झोपले. मग बाईंनी गाणं रचलं आणि गोंदूला बोलावलं.

"गोंदू, हे गावाच्या कानावर घाल."

"घालतो की!"

सरपंच पारावर डुलकी घेत होते. गोंदूने ढोलकी त्यांच्या कानाला लावली आणि दणकून थाप मारली. सरपंच पारावरून खाली. दिवसभर "काय? काय?" करत फिरले.

बाई म्हणाल्या, "अरे, माणसाच्या अंगावर जाऊ नये. लांबून गावं."

"चुकलंच, बाई. आता लांबून."

दुसऱ्या दिवशी तो सखूआजीच्या दारी गेला. आजीची नात तापाने फणफणली होती. आजीला ऐकायचं होतं, पण कान अधू.

"जवळ ये रे, कळत नाही!"

आजी पुढे आली, गोंदू मागे सरला. आजी आणखी पुढे, गोंदू आणखी मागे. वेस ओलांडली. काठी टेकत आजी, आजीमागे गावची कुत्री. शेवटी मागे सरता सरता गोंदू ओढ्यात पडला.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अरे बाबा, लोकांचं ऐकावं. ते म्हणतील तसं करावं."

"चुकलंच, बाई. आता म्हणतील तसं."

पुढे एका लग्नात तो गायला उभा राहिला. नवरदेवाचा मामा खेकसला, "डास-डास काय लावलंय? आमच्या नवरदेवाचं, माणिकरावांचं नाव घाल गाण्यात!"

गोंदूने घातलं.

"साठल्या पाण्यात वाढला हो,
दिवसाढवळ्या चावला हो,
आमचा माणिकराव!"

नवरीचा बाप ताडकन उठला. "हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं!" लग्न मोडता मोडता राहिलं.

बाई कळवळून म्हणाल्या, "गोंदू, आता एकही शब्द बदलू नकोस. उद्या जिल्ह्याचे मोठे साहेब येणार आहेत. त्यांना पटलं, तरच गावाला डॉक्टर आणि औषधं मिळतील. नुसतं गाऊ नकोस, गाण्यात आहे ते नीट करून दाखव."

"एवढंच ना? दाखवतो."

दुसऱ्या दिवशी मांडव भरला. आजारी माणसंही पांघरुणं घेऊन आली. साहेब खुर्चीत बसले. गोंदूने ठेका धरला. लोक डोलू लागले, साहेबही मान हलवू लागले. बाईंच्या जिवात जीव आला.

"दिवसाढवळ्या चावला हो" आलं. गोंदूने ढोलकी खाली ठेवली, शांतपणे साहेबांपाशी गेला आणि त्यांच्या दंडाला कडकडून चावला.

साहेब किंचाळले. मांडव उठून उभा राहिला. बाई धावत आल्या. "गोंदू! अरे, हे काय केलंस?"

गोंदू साहेबांच्या कपाळाला हात लावून उभा होता.

"थांबा, बाई. पुढच्या कडव्यात ताप येतो. साहेबांना आला, की लगेच म्हणतो."