हळदवाल्याचे मोजे

एकदा एक वृद्ध डॉक्टर आपल्या शिष्यासह एका रुग्णाला तपासत होते. तो शिष्य आज स्वतःच वृद्ध झाला आहे आणि आपल्या आठवणीवर त्याचा फारसा भरवसा उरलेला नाही. रुग्ण गुळाचा व्यापारी होता की हळदीचा, इथेच तो अडखळतो. मग त्याला त्या माणसाची पिवळी बोटे आठवतात आणि तो स्वतःशी म्हणतो, हळदीचाच असणार. बाकीची हकिकतही अशीच, चाचपडत आठवलेली.

व्यापाऱ्याला फुप्फुसाचा कर्करोग होता आणि तो अंगभर पसरू लागला होता. प्रथम त्याला एकच औषध मिळाले. सरसकट मारा न करता रोगाच्या वाढीची मुख्य वाट तेवढी अडवणारे. रोग काही काळ थांबला, मग त्याने आडवाट शोधली. दोन औषधे एकत्र देऊन दोन्ही वाटा अडवता येतील का, याची चाचणी त्या रुग्णालयात चालू होती. एकेकटी ती औषधे माहितीची होती. पण जोडीने ती शरीराशी कशी वागतील आणि किती मात्रा सोसेल, हे कोणालाच ठाऊक नव्हते. व्यापारी स्वखुशीने चाचणीत आला. त्याच्यापुढे दुसरे फारसे काही उरलेही नव्हते.

त्या दिवशी नवा स्कॅन आला. गाठ निम्म्याने आटली होती. शिष्य त्याची फिल्म घेऊन जवळजवळ धावतच खोलीत शिरला. "सर, बघा तर खरं!"

गुरूंनी फिल्म घेतली आणि न पाहताच टेबलावर पालथी ठेवली. मग गुडघा धरून, कण्हत, ते व्यापाऱ्याच्या पायाशी जमिनीवर बसले.

"अण्णा, मोजे काढा."

"आमच्या पाया कशाला पडताय, डॉक्टरसाहेब? पडायचं तर मी पडतो," व्यापारी हसला. पाय मात्र त्याने खुर्चीखाली ओढून घेतले.

"पायांना थंडी वाजते?"

"वय झालं की आता."

"ऐन एप्रिलात?"

मोजे निघाले. एक चिकटून बसला होता, तो पाण्याने भिजवून काढावा लागला. दोन्ही अंगठ्यांची नखे कडेने सुजून लाल झाली होती. शिष्य चपापला. प्रत्येक भेटीत त्याने विचारले होते, "काही त्रास?" आणि प्रत्येक भेटीत उत्तर मिळाले होते, "एकदम मजेत."

"नखच आहे ओ," व्यापाऱ्याचा आवाज खाली आला. "नखापायी औषध बंद करू नका. मला श्वास येतोय. जिना चढतोय मी."

गुरूंनी औषध थोडे दिवस थांबवायचे ठरवले, आणि पुन्हा सुरू करताना दोहोंपैकी एकाची मात्रा कमी ठेवायची. व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. शिष्यालाही राहवले नाही.

"सर, औषध लागू पडतंय आणि आपण हात आखडता घ्यायचा?"

"बघा, पोरगं बरोबर बोलतंय," व्यापारी म्हणाला. "उभ्या जन्मात गिऱ्हाइकाला झुकतं माप दिलं मी. माझी वेळ आली तर काटेकोर?"

गुरू जमिनीवरूनच म्हणाले, "अण्णा, तुमच्या पेढीचा काटा तपासायला सरकारी माणूस येतो ना?"

"येतो की."

"त्या वेळी त्यानं काट्यात ठेवलेल्या वजनावर मूठभर हळद प्रेमानं टाकता का?"

"छे! मग काटाच खोटा ठरंल. पुढं सगळ्यांचंच माप चुकंल."

"इथं आपण अजून माल तोलत नाही, काटा तपासतोय. तुम्ही 'मजेत' म्हणालात, की मागून येणाऱ्या अनोळखी माणसांना हाच डोस मिळणार. त्यांना तो सोसला नाही, तर ती दोन्ही औषधं टाकून देतील. तुम्हालाही टाकावी लागतील. ज्या वाटा आपण अडवल्या, त्याच वाटांनी नखाला अन् कातडीलाही रसद जाते. चालणं थांबलं, जेवण तुटलं, की गाठ आटली तरी माणूसही आटतो." मग ते शिष्याकडे वळले. "अन् तू, फिल्म आधी बघत जाऊ नकोस. एकदा आनंद झाला की डोळे पायापर्यंत पोचत नाहीत."

शिष्याने हात देऊन त्यांना उठवले. तेव्हा कुठे गुरूंनी फिल्म उजेडात धरली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "सुरेख आहे हो."

कमी मात्रेवरही गाठ वाढली नाही. पुढे प्रत्येक भेटीत व्यापारी खुर्चीत बसण्याआधीच मोजे काढी आणि शिष्याला म्हणे, "पोरा, आधी काटा बघ, मग माल." रोगाने तिसरी वाट शोधेपर्यंत हळदीचे कितीतरी हंगाम त्याने पाहिले, आणि तेही स्वतःच्या पायांनी पेढीवर जाऊन.

ही सारी कथा आपणच तर रचली नाही ना, ही शंका शिष्याला निवृत्तीनंतरही छळत राहिली. ती औषधांची जोडी सर्रास वापरात आल्यावर, बऱ्याच वर्षांनी, परगावच्या एका रुग्णालयात त्याने तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंना नेहमीची मात्रा विचारली. त्यांनी जी सांगितली, ती व्यापाऱ्याला कमी करून दिलेलीच मात्रा होती. मग बाई समोरच्या रुग्णाकडे वळल्या आणि म्हणाल्या, "काका, आधी मोजे काढा बघू."