मायाधराचे मुके डबे

एका राज्यात विक्रांगद नावाचा राजा होता. त्याची एकुलती एक कन्या शर्वाणी. एके दिवशी मायाधर जादूगार दरबारी आला आणि त्याने राजाला मिठाईचे बंद डबे नजर केले. मिठाई माणकासारखी लाल, पाचूसारखी हिरवी; वर्ष लोटले तरी ताजी. राजाला तिची चटक लागली, मग प्रजेलाही. घरोघरच्या चुली थंडावल्या. अन् एका सकाळी राजाची जीभ निळी पडली, वाचा गेली. पाठोपाठ निम्मे नगर मुके झाले. मिठाईत काय आहे, असे वैद्यांनी विचारले, तर मायाधर नुसता हसला.

उपाय शोधायला शर्वाणीने घोड्यावर मांड ठोकली. अरण्यात तिला बोलणारा धनेश पक्षी भेटला.

"आत काय आहे ते मायाधराने स्वहस्ते डब्यावर लिहिले, तरच शाप उतरेल," तो म्हणाला.

"तो खोटे लिहील."

"गरुडाच्या सुवर्णपिसाने अन् सत्यसरोवराच्या पाण्याने खोटे उमटत नाही."

शर्वाणी गरुडाच्या वज्रगिरीचा कडा चढली. गरुड झेपावला तशी तिनेही उडी घेतली आणि अधांतरीच त्याचे पीस उपटले! वारा तिला अलगद सरोवराकाठी घेऊन आला. तिथे पाण्यावर ज्वाळा नाचत होत्या.

"भय वाटते?" राखणदार नागाने विचारले.

"वाटते."

नाग बाजूला सरला, ज्वाळा दुभंगल्या. तिने कुपी भरून घेतली.

उरले तिसरे काम: मायाधराकडून लिहून घेण्याचे. परतताच तिने मायाधराची तोंडभर स्तुती केली. एवढ्या अपूर्व मिठाईचे नाव स्वतः कर्त्यानेच डब्यावर लिहावे, अशी विनंती केली. तो फुशारला. तिने दिलेले पीस कुपीतल्या पाण्यात बुडवून 'अमृत' लिहू लागला, तर अक्षरे उमटली 'विष'! हात आवरेना. निखाऱ्यासारखी लाल अक्षरे धावत सुटली: 'रंग विषवल्लीचा. गोडी मायेची. खाणाऱ्याची वाचा जाईल.' त्याच क्षणी राज्यातल्या डब्याडब्यावर तीच अक्षरे पेटली. मायाधराची विद्या धूर होऊन उडाली. नगरभर एकदम गलबला उठला. माणसे बोलत होती, रडत होती, एकमेकांना हाका मारत होती.

राजाने पहिली आज्ञा दिली: आतले सारे बाहेर लिहिल्यावाचून एकही डबा विकू नये.

मग सवयीने त्याचा हात लाल मिठाईकडे गेला. राजाने डबा फिरवला, अक्षरे वाचली, खाली ठेवला आणि म्हणाला, "शर्वाणी, आज भाकरी कर."

राज्यातल्या चुली पेटल्या, तशा साऱ्यांच्या पेटोत.